यूकेत मेडिकलला अर्ज करताय? डीबीएसचा घोळ आधीच निस्तरून ठेवा

मागच्या वर्षी जूनमध्ये आमच्या डायनिंग टेबलवर आठवडाभर कोणी जेवलं नाही, कारण टेबलभर कागद पसरलेले होते. लेकीला मेडिकलची ऑफर मिळालेली, पेढे वाटून झालेले, सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर अभिनंदन घेऊन झालेलं, आणि मग युनिव्हर्सिटीचा मेल आला की डीबीएसचा, म्हणजे पोलीस रेकॉर्ड तपासणीचा, फॉर्म भरा, अमुक तारखेच्या आत. मला वाटलं दहा मिनिटांचं काम आहे, पोरीने कधी कोणाच्या बागेतलं फूलसुद्धा तोडलं नाही, तिचं कसलं आलंय पोलीस रेकॉर्ड. आणि तिथेच चुकलं. कारण रेकॉर्ड शोधायला पोलिसांना फारसा वेळ लागत नाही हो, तुमचं नाव आणि तुमचे पत्ते एकमेकांशी जुळवायला लागतो. आमच्या ओळखीत ज्यांचं ज्यांचं अडकलं त्यातल्या एकाही मुलाने काही गुन्हा केलेला नव्हता.

म्हणून हे लिहितेय. यंदा ज्यांची मुलं इथे इंग्लंडात मेडिकलला अर्ज करतायत त्यांच्यासाठी, आणि खास करून ज्यांचा मागच्या पाच वर्षांतला काही काळ भारतात गेलाय त्यांच्यासाठी, कारण त्यांना डबल काम आहे.

आधी हे प्रकरण काय आहे ते. डीबीएस म्हणजे डिस्क्लोजर अँड बारिंग सर्व्हिस. पूर्वी ह्याला सीआरबी म्हणायचे, इथले जुने लोक अजूनही "सीआरबी झालं का" असंच विचारतात, दचकू नका, तेच ते. २०१२ च्या डिसेंबरात सीआरबी आणि अजून एक संस्था एकत्र करून डीबीएस झालं. ह्यात लेव्हल आहेत: बेसिक, स्टँडर्ड, एनहान्स्ड, आणि एनहान्स्ड प्लस बार्ड लिस्ट. मेडिकलच्या मुलांचं होतं ते सगळ्यात वरचं, म्हणजे एनहान्स्ड, आणि सोबत दोन्ही याद्या तपासतात, लहान मुलांसोबत काम करायला बंदी असलेल्यांची आणि असहाय प्रौढांसोबत काम करायला बंदी असलेल्यांची. पहिल्या वर्षापासून पोरं जीपीकडे (म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे), वॉर्डात, केअर होममध्ये जाणार, त्यामुळे हे आलंच.

एनहान्स्डमध्ये एक गोष्ट जास्तीची असते जी बाकीच्यांत नसते. कोर्टात शिक्षा झाली नसेल तरी लोकल पोलिसांकडे काही माहिती असेल आणि ती ह्या कामासाठी महत्त्वाची आहे असं त्यांना वाटलं तर ते ती सर्टिफिकेटवर घालू शकतात. हे ऐकून आपल्याला अन्याय वाटतो, मलाही वाटला होता, पण ह्याच्यामागे २००२ ची सोहमची घटना आहे. केंब्रिजशरमधल्या त्या गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला, खुनी गावातल्याच शाळेचा केअरटेकर. त्याच्याविरुद्ध आधी दुसऱ्या भागातल्या, हंबरसाइडच्या पोलिसांकडे तक्रारी आलेल्या होत्या, पण त्यात शिक्षा झालेली नव्हती, त्यामुळे नोकरी देताना ते कोणासमोर आलंच नाही. मग बिचर्ड चौकशी बसली, २००४ मध्ये तिचा रिपोर्ट आला, आणि आजची सगळी यंत्रणा बऱ्याच अंशी त्यातून उभी राहिलीये. तर फॉर्म भरताना पोरं कुरकुरली की त्यांना हे सांगा.

आता पहिली चूक जी खूप जण करतात. हुशारी म्हणून आधीच स्वतः गव्ह डॉट यूकेवर जाऊन चेक करून घेतात. तिथे तुम्हाला स्वतःचं फक्त बेसिक काढता येतं, त्याचे २१.५० पाउंड जातात आणि मेडिकलला ते चालत नाही. एनहान्स्ड मुलाला स्वतःचं स्वतः काढता येत नाही, ते युनिव्हर्सिटीमार्फतच होतं, तेही ऑफर फर्म, म्हणजे पक्की, केल्यावर. चार मेडिकल स्कूलना अर्ज केला म्हणून चार डीबीएस होत नाहीत, जिथे जाणार तिथलंच एक. एनहान्स्डची फी २ डिसेंबर २०२४ पासून ४९.५० पाउंड आहे, त्याआधी ३८ होती, त्यामुळे जुन्या ब्लॉगवरचे आकडे धरून बसू नका. काही युनिव्हर्सिट्या ही फी स्वतः भरतात, काही मुलांकडून घेतात आणि वर मधल्या एजन्सीचा थोडा चार्ज लागतो.

दुसरा गैरसमज एसीआरओचा, म्हणजे पोलिसांच्या गुन्हेनोंदींच्या ऑफिसचा. एसीआरओ पोलीस सर्टिफिकेट म्हणून एक असतं, ते इथून दुसऱ्या देशात जाणाऱ्यांसाठी. म्हणजे तुमचा मुलगा इथे वाढला आणि बल्गेरियात नाहीतर दुसरीकडे कुठे मेडिकलला निघाला तर त्याला ते लागू शकतं. इथल्या इथे नाही.

आणि मुलाने केअर होममध्ये नाहीतर हॉस्पिटलात व्हॉलंटियरिंग करताना डीबीएस झालेलं असेल (मेडिकलच्या अर्जासाठी सगळेच करतात ते) तर त्यावर फार विसंबू नका. व्हॉलंटियरचं फुकट असतं, आणि बहुतेक युनिव्हर्सिट्या नव्यानेच करायला लावतात. ठेवा मात्र ते जपून.

यूकॅसच्या फॉर्ममधला तो प्रश्न

यूकॅस म्हणजे इथल्या युनिव्हर्सिट्यांना ज्यांच्यामार्फत अर्ज जातो ते. मेडिकलसाठी यूकॅसची डेडलाइन १५ ऑक्टोबर, संध्याकाळी सहा. बाकीच्या कोर्सना गुन्ह्यांबद्दल सरसकट विचारणं यूकॅसने २०१८ मध्ये बंद केलं, पण मेडिकलसारख्या कोर्सना, जिथे एनहान्स्ड चेक लागतो, तिथे अजूनही विचारतात. प्रश्नाचा अर्थ एवढाच की डीबीएसवर दिसेल असं काही आहे का. काही नसेल तर नाही म्हणा आणि पुढे चला. असेल तर काय करायचं ते खाली सविस्तर लिहिलंय, ते वाचल्याशिवाय घाईघाईत टिक करू नका, ना हो, ना नाही. आणि अर्ज गेल्यानंतर काही झालं तर युनिव्हर्सिटीला आपणहून कळवावं लागतं, एकदा टिक केलं म्हणजे विषय संपला असं नसतं.

पत्ते, पत्ते आणि पत्ते

आता मुख्य मुद्द्यावर येते. फॉर्ममध्ये मागच्या पाच वर्षांचे सगळे पत्ते लागतात, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, मधे एका महिन्याचीही फट चालत नाही. आमचं काय झालेलं तर आम्ही आधी पुण्यात स्वतःच्या फ्लॅटमध्ये, मग निघायच्या आधी चार महिने सासूबाईंकडे, मग इथे आल्यावर सहा आठवडे एका एअरबीएनबीत, मग भाड्याचं घर, मग दुसरं भाड्याचं घर. मी म्हटलं एअरबीएनबी काय पत्ता असतो का, सोडून दे. लेकीने सोडलं. फॉर्म परत आला. त्यात दहा दिवस गेले. मग तो एअरबीएनबीचा पोस्टकोड शोधायला जुने ईमेल उपसले.

त्यामुळे आज, म्हणजे खरंच आजच, एक कागद घ्या आणि मागच्या पाच वर्षांची यादी करा. टेनन्सी अ‍ॅग्रीमेंट, विमानाची तिकिटं, काउन्सिल टॅक्सची बिलं, ह्यावरून तारखा काढा, आठवणीवर जाऊ नका, कारण आठवणीत आपण सगळेच "दिवाळीच्या आसपास" शिफ्ट झालेलो असतो. सुट्टीला दोन महिने मामाकडे गेलात तो पत्ता नव्हे, तुमचं घर तिकडेच होतं. पण सामान हलवून राहायला गेलात तर तो पत्ता. होस्टेल, बोर्डिंग स्कूल, सगळं त्यात येतं.

भारतातले पत्ते लिहिताना आपली सवय आवरा. आमच्या आधार कार्डावर "मारुती मंदिराच्या मागे, दत्त डेअरीजवळ" असं सगळं आहे, पोस्टमनसाठी ते सोन्यासारखं, पण फॉर्मच्या रकान्यात ते घातलं तर सगळा पत्ता अर्धवट कापला जातो. फ्लॅट नंबर, सोसायटी, रस्ता किंवा पेठ, शहर, देश, बस. आणि जे एका फॉर्ममध्ये लिहिलं तेच अक्षरशः पुढच्या सगळ्या फॉर्ममध्ये. एकीकडे "कोथरूड" आणि दुसरीकडे "कर्वे रोड" असं करू नका, आपल्याला माहितीये ते एकाच ठिकाणी आहे, तपासणाऱ्याला कुठे माहितीये.

आता नाव. हा तर खास आपला मराठी घोळ. भारतीय पासपोर्टवर आडनाव वेगळं आणि गिव्हन नेममध्ये मुलीचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र. इथे शाळेत नाव घातलं तेव्हा नुसतं नाव आणि आडनाव. बँकेत त्यांनी वडिलांचं नाव मिडल नेम धरलं. जीपीकडे कोणीतरी वडिलांचं नावच पहिलं नाव समजलं, आमच्या लेकीला तिथे अजून "मिस्टर" म्हणून पत्र येतं. डीबीएसच्या फॉर्ममध्ये आत्ताचं नाव आणि आधी वापरलेली सगळी नावं, कधीपासून कधीपर्यंत, हे सगळं विचारतात. पासपोर्टवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने लिहा, आणि बाकी कुठे वेगळं वापरलं गेलं असेल तर ते दुसरी नावं म्हणून द्या. आईवडील विभक्त होऊन आडनाव बदललं असेल तर तेही. लपवण्यासारखं त्यात काही नाही, न लिहिलं तर मात्र उगाच शंका येते. ज्यांनी जेंडर बदललाय आणि जुनं नाव युनिव्हर्सिटीला कळू द्यायचं नाहीये त्यांच्यासाठी डीबीएसची वेगळी सेन्सिटिव्ह अ‍ॅप्लिकेशन्स टीम आहे, फॉर्म भरायच्या आधी त्यांना फोन करायचा.

ओळखीची कागदपत्रं, किंवा सतरा वर्षांच्या मुलाच्या नावावर लाइट बिल कुठून आणायचं

साधारण तीन कागद लागतात. एक मुख्य गटातला, म्हणजे पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स वगैरे, आणि अजून दोन. त्यातल्या एकावर आत्ताचा पत्ता पाहिजे, एकावर जन्मतारीख. आता पत्त्याचा पुरावा म्हणून बँक स्टेटमेंट, गॅस-लाइटचं बिल असलं चालतं, तेही मागच्या तीन महिन्यांतलं, आणि मोबाइलचं बिल चालत नाही. आणि हे सगळं मुलाच्या स्वतःच्या नावावर हवं, आईबाबांच्या नावाचं बिल आणि "हा आमचाच मुलगा" हे इथे चालत नाही.

सगळ्यात सोपा उपाय सांगते, प्रोव्हिजनल ड्रायव्हिंग लायसन्स. पंधरा वर्षं नऊ महिन्यांपासून अर्ज करता येतो, ऑनलाइन ३४ पाउंड लागतात, गाडी शिको न शिको, मुख्य गटातला फोटो असलेला कागद हातात येतो ज्यावर नाव, जन्मतारीख, पत्ता तिन्ही आहे. फक्त घर बदललं की त्यावरचा पत्ता बदलायला विसरू नका, जुन्या पत्त्याचं लायसन्स म्हणजे असून नसल्यासारखं. दुसरं म्हणजे बँक खातं मुलाच्या नावावर, आणि पेपरलेस बंद करून निदान काही महिने घरी स्टेटमेंट मागवा. अ‍ॅपमधून काढलेली प्रिंट चालेल का हे युनिव्हर्सिटीला आधी विचारा, आमच्याकडे नाही चालली, मग लेकीला ब्रँचमध्ये जाऊन बसावं लागलं. काहीच जमत नसेल तर सोळा ते एकोणीस वयाच्या, शाळा-कॉलेजात असलेल्या मुलांसाठी प्रिन्सिपलचं पत्र चालू शकतं, पण ते अगदी शेवटचा पर्याय म्हणून, आणि जुलैमध्ये शाळा बंद झाल्यावर प्रिन्सिपल सापडणं म्हणजे आषाढी एकादशीला पंढरपुरात रिकामी खोली सापडण्यासारखं आहे.

व्हिसावर असाल तर बीआरपी, म्हणजे इथे राहायच्या परवान्याची, कार्डं २०२४ अखेर संपली, आता सगळं ईव्हिसावर, शेअर कोड काढून द्यावा लागतो. ईव्हिसाच्या अकाउंटला नवीन पासपोर्ट जोडलाय का ते आधी बघा.

फॉर्म गेल्यावर

ट्रॅकिंग ऑनलाइन करता येतं, फॉर्मचा रेफरन्स नंबर आणि जन्मतारीख टाकून. पाच टप्पे दिसतात: फॉर्म तपासणं, मग पोलीस नॅशनल कॉम्प्युटर, मग बार्ड लिस्ट, मग लोकल पोलीस, मग छपाई आणि पोस्ट. पहिले तीन पटापट होतात. चौथ्यावर गाडी थांबते. तुम्ही जिथे जिथे राहिलात तिथल्या पोलिसांकडे ते जातं, म्हणजे तीन काउंटीत राहिलात तर तीन ठिकाणी, लंडनमध्ये राहिला असाल तर मेट पोलिसांकडे. कोणाचं चार दिवसांत येतं, कोणाचं दोन महिने. चौथा टप्पा आला म्हणजे काही सापडलंय असा अर्थ नाही, सगळ्यांचंच तिथे जातं, हे मी मुद्दाम लिहितेय कारण आमच्या एका मैत्रिणीने ह्या टप्प्यावर रात्री अकराला मला रडत फोन केला होता. साठ दिवस उलटले तर युनिव्हर्सिटीच्या ऑफिसला सांगा, त्यांना डीबीएसकडे ते लावून धरता येतं. त्याआधी रोज फोन करून उपयोग नाही.

सर्टिफिकेट कागदावर येतं, पोस्टाने, मुलाच्या घरच्या पत्त्यावर, मुलाच्या नावाने. युनिव्हर्सिटीला त्याची कॉपी जात नाही. हे नीट लक्षात घ्या. त्यांना मूळ कागद नेऊन दाखवावा लागतो. साधा पांढरा लिफाफा असतो, जाहिरातीच्या पत्रांसोबत तो रीसायकलिंगमध्ये जाऊ देऊ नका, हरवला तर दुसरी प्रत मिळत नाही, सगळं नव्याने करावं लागतं, पुन्हा पैसे. पोचलाच नाही तर मात्र वेळेत सांगितलं तर पुन्हा छापून देतात, त्यामुळे ट्रॅकिंगवर पाठवलं असं दिसलं आणि दोन आठवड्यांत आलं नाही तर गप्प बसू नका.

सर्टिफिकेट आलं की त्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत अपडेट सर्व्हिसला नाव घालता येतं. वर्षाला १६ पाउंड. ह्याने पुढे दुसऱ्या ठिकाणी तेच सर्टिफिकेट ऑनलाइन तपासता येतं, सुट्टीत हेल्थकेअर असिस्टंटची नोकरी केली तर उपयोग होतो. तीस दिवस गेले की गेले. आम्ही एकतिसाव्या दिवशी आठवण काढली.

आता भारताचं काय

डीबीएसला इथलं दिसतं, पुण्यातलं नाही. म्हणून मागच्या पाच वर्षांत परदेशात राहिला असाल तर बऱ्याच युनिव्हर्सिट्या तिथल्या पोलिसांचं सर्टिफिकेट मागतात. किती काळ राहिलं तर, कितव्या वयानंतरचं, हे प्रत्येकाचं वेगळं आहे, कोणी सहा महिने म्हणतं, कोणी वर्ष, कोणी फक्त अठरानंतरचं. त्यामुळे युनिव्हर्सिटीने लिहून मागितल्याशिवाय काढू नका, आणि मागितलं तर किती जुनं चालेल तेही विचारा, नाहीतर उत्साहात ऑक्टोबरला काढाल आणि ऑगस्टला ते शिळं झालेलं असेल.

भारताचं जे लागतं ते पीसीसी, पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, पासपोर्ट खात्याकडून मिळणारं. हे ठळक करून सांगते कारण आमच्या दिरांनी अगदी प्रेमाने पुण्याहून महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवरून काढतात ते चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र काढून द्यायची तयारी केली होती. ते तिकडच्या नोकरीबिकरीसाठी ठीक आहे, इथे नाही. आणि नगरसेवकाच्या लेटरहेडवरचं "मी यांना व्यक्तिशः ओळखतो", किंवा शाळेच्या दाखल्यावरचं "वर्तणूक : चांगली", हेही नाही. हसू नका, आमच्या सासऱ्यांनी दाखल्याचा फोटो खरंच पाठवला होता.

भारतात असाल तर पासपोर्ट सेवाच्या साइटवर पीसीसीचा अर्ज, ५०० रुपये फी, पासपोर्ट सेवा केंद्र किंवा पोस्टातल्या सेवा केंद्राची अपॉइंटमेंट, आणि गरज पडली तर लोकल पोलीस स्टेशनकडून पडताळणी. पासपोर्टवरचा पत्ता आणि राहता पत्ता एकच असेल तर लवकर होतं. इथे यूकेत असाल तर परदेशातल्या दूतावासांसाठीची पासपोर्ट सेवाची वेगळी साइट आहे, तिथे फॉर्म भरून व्हीएफएसच्या (व्हिसा-पासपोर्टचे अर्ज घेणारी कंपनी) सेंटरमार्फत हाय कमिशनकडे जातं. ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआयवाल्यांची (मूळ भारतीय पण आता परदेशी नागरिक) पद्धत वेगळी, व्हीएफएसच्या पानावर परदेशी नागरिकांसाठीचा भाग बघा, भारतीय पासपोर्टवाल्यांचा फॉर्म भरत बसू नका.

आमचं कुठे अडलं ते सांगते म्हणजे तुम्ही सावध राहाल. लेकीच्या पासपोर्टवर पत्ता सासूबाईंच्या जुन्या वाड्याचा. तो गेला रिडेव्हलपमेंटला. पडताळणीसाठी पोलीस तिथे गेले तर समोर खड्डा आणि क्रेन. वॉचमनने सांगितलं इथे कोणी राहत नाही. झालं, रिपोर्ट तसाच. मग सासूबाईंनी, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, स्वतः रिक्षा करून पोलीस स्टेशन गाठलं, सोबत बिल्डरचं अ‍ॅग्रीमेंट, नातीचा शाळेचा दाखला आणि शेजारच्या काकांना साक्षीला घेऊन. तिथल्या हवालदारांनी चहा पाजला म्हणे. तीन आठवड्यांनी पीसीसी आलं. तर तुमच्या पासपोर्टवर जो पत्ता आहे तिथे आज कोण आहे, फोन केला तर कोण उचलेल, आणि त्यांना कल्पना आहे का, हे फॉर्म भरायच्या आधी बघा. मुलाने आत्ताच अठरा पूर्ण केली असतील तर पासपोर्टही बघा, लहानपणी काढलेला पाच वर्षांचा असतो, तो मधेच संपला तर आधी पासपोर्ट, मग पीसीसी.

एजंट लोक लगेच अपोस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का), नोटरी, भाषांतर असं सगळं पॅकेज सांगतात. पीसीसी मुळातच इंग्रजीत येतं. युनिव्हर्सिटीने नाव घेऊन मागितलं नसेल तर अपोस्टिलच्या नादी लागू नका. आणि पीसीसी यायला उशीर होणार असेल तर अर्जाची पावती युनिव्हर्सिटीला मेल करून ठेवा, पावती असली की ते बहुतेक वेळा थांबतात.

काही असेल तर

हा भाग वाचताना बरेच जण "आपल्याला काय करायचंय" म्हणून सोडतील, तसं करू नका.

आपल्याकडची पद्धत म्हणजे पोलीस स्टेशनची पायरी चढलो की काहीतरी सही करून, मिटवून, लवकर बाहेर पडायचं. इथे तीच सही महागात पडते. इथे "कॉशन" नावाचा प्रकार आहे. मराठी कान त्याला "समज दिली" असं ऐकतो. पण अठरा वर्षांवरच्याने कॉशन स्वीकारला म्हणजे गुन्हा कबूल केला, आणि तो डीबीएसवर साधारण सहा वर्षं दिसतो, काही ठरावीक गंभीर गुन्ह्यांचा तर कायम. म्हणजे फर्स्ट इयरला पबबाहेर झालेली मारामारी एफवायवन, म्हणजे डॉक्टर म्हणून पहिल्या वर्षाची नोकरी, होईपर्यंत सोबत. पोलीस स्टेशनात ड्युटी सॉलिसिटर फुकट मिळतो, कितीही किरकोळ वाटलं तरी मुलांना सांगून ठेवा की त्याच्याशी बोलल्याशिवाय कशावर सही करायची नाही. त्याने वेळ लागतो, लागू दे.

अठरा वर्षांखालच्यांना मिळालेले यूथ कॉशन, रेप्रिमांड, वॉर्निंग हे २८ नोव्हेंबर २०२० पासून आपोआप सर्टिफिकेटवर येत नाहीत. हा मोठा बदल आहे आणि बऱ्याच शाळांतल्या करिअरवाल्यांनाही माहीत नसतो. जे गळून जातं ते विचारलं तरी सांगायची गरज नसते. म्हणूनच आधी म्हटलं की यूकॅसला घाईत "हो" पण टिक करू नका. नक्की रेकॉर्डवर काय आहे हेच कळत नसेल तर एसीआरओकडे स्वतःच्या माहितीची मागणी करता येते, फुकट असते, साधारण महिना लागतो. आणि अनलॉक आणि नॅक्रो ह्या दोन चॅरिटी आहेत ज्या ह्याच विषयावर सल्ला देतात, काय सांगायचं आणि काय नाही ते त्यांच्याकडून समजून घ्या, फेसबुकवरच्या काकांकडून नको.

स्पीडिंगचा फिक्स्ड पेनल्टी हा शिक्षा धरत नाहीत, घाबरू नका. तेच प्रकरण कोर्टात गेलं तर वेगळं. दारू पिऊन गाडी चालवली तर ते सरळसरळ येतंच. आणि एक गोष्ट जी मुलं फार हलक्यात घेतात, ट्रेनचं तिकीट. मुदत संपलेल्या नाहीतर मित्राच्या रेलकार्डवर (तिकिटात सवलत देणारं कार्ड) प्रवास, पकडल्यावर पेनल्टी फेअर भरला तर तिथेच संपतं. पण ट्रेन कंपनीचं पत्र आलं आणि मुलाने ते युनिव्हर्सिटीच्या जुन्या पत्त्यावर सोडून दिलं, मग कोर्टाची नोटीस, मग गैरहजेरीत शिक्षा, असं होऊ शकतं. फसवणुकीची शिक्षा आणि डॉक्टरकी हे समीकरण अवघड जातं. पत्रं उघडा. गांजासाठी पोलिसांनी जागेवरच कम्युनिटी रिझोल्यूशन (कोर्टात न जाता मिटवणं) दिलं तर ती शिक्षा नव्हे, पण एनहान्स्डमध्ये लोकल पोलिसांच्या मर्जीने येऊ शकते.

आणि खरंच काही दिसणार असेल तर? तर आपणहून, आधी, लेखी सांगा. मेडिकल स्कूलमध्ये ह्यासाठी पॅनेल असतं. ते बघतात काय झालं, वय किती होतं, किती वर्षं झाली, नंतर वागणूक कशी. सोळाव्या वर्षी दुकानातून लिपस्टिक उचलली आणि सांगितलं, ह्यातून मार्ग निघतो. पण लपवलं आणि मग सर्टिफिकेटवर आलं तर चर्चा लिपस्टिकची राहत नाही, खोटं बोलण्याची होते, आणि जनरल मेडिकल कौन्सिलच्या लेखी डॉक्टरचा प्रामाणिकपणा ही फार वरची गोष्ट आहे. पाच-सहा वर्षांनी प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशनच्या वेळी कौन्सिल हेच सगळं परत विचारते. काय लिहायचं: काय घडलं ते चार ओळींत, बहाणे न देता, नंतर काय केलं, आत्ता कोण तुमच्याबद्दल सांगू शकेल. आईवडिलांनी लिहून देऊ नका, वाक्यावरून लगेच कळतं.

सर्टिफिकेटवर चुकीचंच काही आलं, म्हणजे दुसऱ्याच पाटील नाहीतर शाहचं रेकॉर्ड तुमच्या मुलावर, तर तीन महिन्यांच्या आत डीबीएसकडे वाद नोंदवा. ओळख पटवायला बोटांचे ठसे मागू शकतात. लगेच युनिव्हर्सिटीलाही सांगा की वाद घातलाय.

स्कॉटलंडला जाणाऱ्यांसाठी एवढंच की तिकडे डीबीएस नाही, डिस्क्लोजर स्कॉटलंडची पीव्हीजी स्कीम आहे, आणि नॉर्दर्न आयर्लंडला अ‍ॅक्सेसएनआय. फॉर्म वेगळे, पण पत्त्यांची यादी तीच कामाला येते. लसी, हेपेटायटिस बी, टीबी वगैरे ऑक्युपेशनल हेल्थचं प्रकरण पूर्ण वेगळं, त्याचा मेल वेगळा येतो, दोन्ही एकच समजून एक डिलीट करू नका.

आमचं सर्टिफिकेट शेवटी ऑगस्टच्या निकालानंतर चार दिवसांनी आलं. पहिल्या आठवड्यात लेक मूळ कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून घेऊन गेली. तिच्यापुढे रांगेत एक मुलगा होता, तो फोनवरचा फोटो दाखवत होता, झूम करून, फार छान काढलेला होता म्हणे. त्याला सांगितलं मूळ कागद घेऊन ये. मूळ कागद लीड्सला, फ्रिजला मॅग्नेटने लावलेला.